वंगणाचा अधिकार

मत्स्योदरी देवीच्या टेकडीकडे नवरात्रात जी रीघ लागते, तिच्यातील म्हातारीकोतारी माणसे, लेकुरवाळ्या बाया आणि ओटीच्या नारळांनी भरलेल्या पिशव्या बसस्थानकापासून पायथ्यापर्यंत पोहोचविण्याचे काम अंबडच्या रिक्षा वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. त्या नऊ दिवसांत इंजिनाला उसंत म्हणून मिळत नाही, आणि ज्याची भाकरी त्या इंजिनावर अवलंबून आहे तो जाणता चालक घट बसण्यापूर्वीच त्याच्या पोटातील तेल बदलून घेतो. पितृपक्षातील शेवटच्या रविवारी सकाळी माझ्या शेजाऱ्यांच्या अंगणात हेच काम चालले होते. फरशीवर रिक्षा उभी होती, तिच्या चाकांना पुढूनमागून दगड लावले होते, मागच्या बाजूला एक घमेले, दोन पाने, एक तेलाची सीलबंद बाटली आणि धुवून वाळविलेले जुन्या धोतराचे फडके एवढी सामग्री ओळीने मांडलेली होती. आणि या सर्व तयारीकडे ओट्यावर बसलेले मामा अत्यंत अप्रसन्न मुद्रेने पाहत होते.

मामा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या वडिलांनीही निजामाच्या अमदानीत याच कचेरीत लेखणी झिजविली. अंबड तालुका तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि दप्तर उर्दूत चाले; १७ सप्टेंबर १९४८ रोजी राज्य बदलले, पुढे दप्तराची भाषा बदलली, आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला तेव्हा कागदाच्या माथ्यावरील जिल्ह्याचे नावही बदलले; परंतु या घराण्याची एक श्रद्धा या तिन्ही स्थित्यंतरांतून अभंग राहिली, ती अशी की प्रत्येक कामाला त्याचा सक्षम अधिकारी असतो, आणि त्याच्या हातावाचून ते काम पार पडले तर ते झाले असे मानू नये. भाचा पस्तिशीतला, स्वतःच्या परवान्यावर स्वतःची रिक्षा चालविणारा. बहिणीचा मुलगा म्हणून त्याच्यावर मामांची माया. आणि माया आहे म्हणूनच त्याला टोकण्याचा हक्कही.

“मजुरीचे चार पैसे वाचविण्यासाठी तू लाखाच्या यंत्राशी खेळतो आहेस,” मामांनी सुरुवात केली. “मिस्त्री कशासाठी असतो? त्याच्या हाताखालून रोज दहा गाड्या जातात. त्याचे बोट नटावर पडले की किती दाबायचे ते त्या बोटालाच कळते. तुझ्या हातून वर्षातून चार-सहा वेळा हे काम होणार. त्यात सराव तो कसला आणि अंदाज तो कसला?”

“मजुरीचा हिशेब मी मांडलेलाच नाही, मामा,” भाचा इंजिन बंद करीत म्हणाला. पाचेक मिनिटे त्याने ते नुसतेच चालू ठेवले होते. “थंड तेल जड असते, तळाचा गाळ तळालाच राहतो, कोमट झाले की पातळ होते आणि गाळासकट बाहेर पडते. फार तापू मात्र द्यायचे नाही, हात भाजतो. हे मला मिस्त्रींनीच शिकविले. त्यांच्याशी माझे वैर नाही. पण पोटात काय चालले आहे ते माझे मला दिसले पाहिजे.”

“पोटात काय चालले आहे ते वैद्याने पाहावे.”

“वैद्यही आधी विचारतोच, की काल काय खाल्ले, झोप लागली का. ते रोग्यालाच सांगावे लागते. आणि ही तर बोलणारी नव्हे. हिच्या वतीने मीच बोलायचे आहे.”

ही ‘बोलणारी नव्हे’ अशी जी वस्तू, तिचे नाव रिक्षा असले, आणि तिला छत, आसने व भाड्याचे मीटर असले, तरी तिचा पिंड दुचाकीचा आहे, हे आपण प्रवासी सहसा ध्यानात घेत नाही. चक्राच्या जागी हँडल. गिअर हँडलाच्या डाव्या मुठीत, ती पिळून बदलायचे. क्लचची दांडी त्याच मुठीखाली. आणि मागच्या आसनाखाली एकच सिलिंडर, जो तीन चाके, चालक आणि त्यामागील दाटीवाटीचा संसार ओढून नेतो. युद्धोत्तर इटलीत पियाजो कारखान्याने १९४८ साली ‘आपे’ ही जी तीनचाकी बाजारात आणली, तिचा जनक कोरादिनो दास्कानियो हा व्हेस्पा स्कूटरचाही जनक होता; व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी. ती मधमाशी पुढे बारामतीच्या कारखान्यातून मराठवाड्याच्या रस्त्यांवर आली आणि ‘ॲपे’ या नावाने आपल्याकडे इतकी रुळली की तिचे कूळ इटालियन आहे हे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. आपल्या मुलखात रिक्षा आणण्याचे श्रेय मात्र नवलमल फिरोदिया यांचे. माणसाने माणसाला ओढण्याची लाजिरवाणी रीत संपावी या कळकळीने स्वातंत्र्याच्या त्या पहिल्या वर्षांत त्यांनी मोटारीच्या रिक्षेचा ध्यास घेतला. आज आपण रिक्षेच्या आवाजाला आणि धुरालाच काय ते नाव ठेवतो. तिच्या मुळाशी एवढी करुणा आहे, हे मला तरी विसरवत नाही. १९८५ साली बजाजांचा कारखाना औरंगाबादजवळ वाळूज येथे सुरू झाला, आणि मराठवाड्यातील पोरे ज्या गाड्या चालवीत होती त्यांच्या जोडणीच्या रांगेतही मराठवाड्यातीलच पोरे उभी राहिली.

मामांच्या तरुणपणी हा वाद उद्भवलाच नसता. तेव्हाच्या टू-स्ट्रोक रिक्षेत तेल पेट्रोलमध्येच मिसळून घालीत. ते इंधनाबरोबर आत जाई, जाताजाता वंगणाचे काम करी आणि निळसर धूर होऊन मागून निघून जाई. इंजिनातून काढून बदलावे असे तेल तेथे नसेच. गिअरपेटीत असे तेवढेच. फोर-स्ट्रोक इंजिन आले आणि तेल जळून जाण्याऐवजी तळाशी साठून पुनःपुन्हा फिरू लागले. अर्थात ते थकू लागले, मळू लागले, आणि ठरावीक अंतरानंतर त्याला निवृत्त करणे भाग पडले.

भाच्याने घमेले सरकविले, तळाच्या नटाभोवतीची माती आधी फडक्याने पुसून काढली आणि वरचे झाकण सैल केले, म्हणजे आत हवा शिरून तेल अडखळत न येता सरळ धारेने उतरते. मग पाना लावून नट सैल केला, उरलेले फेरे बोटांनी फिरविले, आणि शेवटच्या फेऱ्याला हात झटकन बाजूला घेतला. तेल बाहेर आले. पहिली धार काळीभोर व जाड, वीतभर लांबीवर तिला किंचित पीळ पडलेला; मग ती बारीक होत गेली, काकवीसारखी, मग सुतासारखी, आणि अखेरीस थेंब. मी ओट्यावरून उठून जवळ जाऊन पाहिले. उन्हात त्या काळ्या पृष्ठभागावर आमच्या तिघांच्या आकृती उलट्या दिसत होत्या.

“थांबा,” असे म्हणून भाच्याने अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत थेंबभर तेल घेतले आणि हलके चोळले. “मामा, हे पाहण्यासाठी मी घरी बसतो. खरखर लागली तर समजायचे की हवेच्या फिल्टरच्या फटीतून धूळ आत जाते आहे; आपल्याकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक, ती कोठेही शिरते. चांदीच्या वर्खासारखी चमक दिसली तर आतले बेअरिंग झिजते आहे. पांढुरके, ताकासारखे दिसले तर पाणी गेले. पेट्रोलचा वास आला तर वरून इंधन गळून तेल पातळ होते आहे. मिस्त्रीच्या दुकानात चार गाड्या उभ्या असताना धार सरळ बादलीत जाते, आणि बादलीत आधीच चार गाड्यांचे तेल असते. त्यात माझ्या गाडीचे दुखणे कोणते, हे कोणाला कळणार?”

हा मुद्दा मला मार्मिक वाटला, आणि मामांच्या मुद्रेवरून त्यांनाही तो पटल्याचे दिसले. पण दप्तरात मुरलेला माणूस एका पुराव्यावर निकाल देत नाही. ते म्हणाले, “चोळून पाहणे हे ज्ञान आहे, कबूल. पण ते ज्ञान तुला एका गाडीचे आहे, त्याला शंभर गाड्यांचे. खरखर म्हणजे किती खरखर, चमक म्हणजे किती चमक, हे तुलनेवाचून ठरत नाही. माझ्याकडे एखादा फेरफाराचा अर्ज आला की मी पाहताक्षणी सांगत असे, यात गोम आहे. अर्जदाराला स्वतःचा अर्ज नेहमी निर्दोषच वाटे.”

भाचा गप्प राहिला. त्याने नटाचे वायसर काढून पाहिले. ते एका कडेने चेपले होते. खिशातून नवे तांब्याचे वायसर काढून त्याने जुन्याच्या जागी बसविले.

त्या क्षणी मला माझी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवले नाही. काही वर्षांपूर्वी माझी मोटारसायकल मी एका दुकानी तेल बदलण्यासाठी दिली होती. काम अर्ध्या तासात झाले, बिल चुकते केले. पण महिन्याभरात अंगणात रोज सकाळी रुपयाएवढा काळा डाग पडू लागला. घाईच्या हाताने तळाचा नट इतका आवळला होता की इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या अंगातील आटेच गेले होते. लोखंडाचा नट कठीण, ॲल्युमिनियम मऊ; जोर लावणाऱ्याला घट्ट बसल्याचे समाधान मिळते आणि नुकसान आत होते, दिसत नाही. नवे आटे पाडून घेण्यास मला तेलाच्या दसपट खर्च आला.

“पाहा!” भाचा म्हणाला.

“काय पाहू?” मामा शांतपणे म्हणाले. “ज्याने आवळला तो कच्चा होता. कच्चा हात दुकानात असला काय आणि अंगणात असला काय, आटे जायचे ते जातातच. तुझा हात कच्चा नाही, असे तुझेच म्हणणे; त्याला दाखला कोणाचा?”

या प्रश्नाला भाच्याने उत्तर दिले नाही, पण नट बसविताना त्याने जे केले ते उत्तरासारखेच होते. आधी त्याने नट नुसत्या बोटांनी, पान्यावाचून, अखेरपर्यंत फिरविला. आडवा चढला असता तर तो मध्येच अडला असता. मग पान्याला हात लावताना त्याने पाना टोकाशी धरला नाही, मध्यावर धरला, म्हणजे जोर मुळातच बेताचा पडावा. एक लहानसा हिसका दिला, आणि हात काढून घेतला.

नव्या तेलाच्या बाटलीचे सील फोडताना तो म्हणाला, “हेही एक कारण आहे, मामा. बाजारात रिकाम्या बाटल्यांत हलके तेल भरून विकतात. सील मी माझ्या हाताने फोडतो, आणि रिकामी बाटली फेकण्याआधी खिळ्याने भोके पाडतो, म्हणजे ती पुन्हा कोणी भरू नये. आणि तेलही याच जातीचे लागते. मोटारीचे उंची तेल आणून ओतले तर चालत नाही. आमचा क्लच तेलातच बुडालेला असतो, मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात, त्यांनी क्लच घसरू लागतो. बाटलीवर ‘जासो एमए’ हा शिक्का आहे का, ते पाहून घ्यावे लागते.”

मामांनी बाटली हातात घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि लेबल एखाद्या दस्तऐवजासारखे अथपासून इतिपर्यंत वाचले. तेल ओतले जात होते तेव्हा ते मधासारखे स्वच्छ व सोनेरी दिसत होते. मामा काहीसे स्वतःशीच बोलल्याप्रमाणे म्हणाले, “आमच्या लहानपणी बैलगाडीला वंगण घातल्यावाचून गाडीवान गावाची वेस ओलांडीत नसे. गाडीला वंगणाचे नळकांडे टांगलेले असायचे. ते काम तो कोणाला सांगत नसे, स्वतःच करी. आसाची कुरकुर त्याच्याच कानाला आधी कळे.”

“मग, मामा?”

“मग काही नाही. तो गाडीवान वंगण वापरून टाकीत असे, उरत काही नव्हते. तुझ्याजवळ हे उरले आहे,” आणि त्यांनी घमेल्याकडे बोट केले. “आता मला सांग, याची तजवीज काय?”

वादाचा खरा गाभा येथे होता, आणि मामांनी तो अखेरपर्यंत राखून ठेवला होता. भाच्याने प्रामाणिकपणे सांगितले की पूर्वी तो हे काळे तेल कोणाला ना कोणाला देऊन टाकी. कोणी ते वाळवी लागू नये म्हणून चौकटींना लावी, कोणी गोठ्यात जनावरांच्या गोचिडांवर चोळी, कोणी कुंपणाच्या कडेने गवतावर ओती. आपल्याकडे ही रीत घरोघर आहे, आणि वस्तू वाया जाऊ नये या चांगल्या बुद्धीतूनच ती आली आहे. परंतु जे तेल इंजिनात हजारो किलोमीटर फिरले, त्यात ज्वलनातून उत्पन्न झालेली कर्करोगकारक द्रव्ये उतरलेली असतात आणि झिजलेल्या धातूंचे कणही; ते जनावराच्या कातडीतून आणि चाटण्यातून त्याच्या अंगात जाते, जमिनीत ओतले तर मातीत मुरते आणि सहजासहजी विघटित होत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सांगितले आहे की एका वेळच्या तेलबदलात निघणारे तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करण्यास पुरेसे आहे. तो आकडा मोटारगाडीचा धरला आणि रिक्षेचा वाटा त्याच्या चतुर्थांश धरला, तरी उरणारे पाणी अंबडसारख्या गावाने डोळ्यांत प्राण आणून जपावे इतके आहे.

मामा ज्या स्वरात पुढे बोलले तो रागाचा नव्हता. “तू २०१२-१३ चा दुष्काळ पाहिलास. जालना जिल्ह्यात माणसे टँकरच्या मागे घागरी घेऊन धावली. आपल्या तालुक्याच्या दक्षिण सीमेवर गोदावरी आहे, वर पैठणला जायकवाडी आहे. त्या धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी बसविली, तेव्हा माझे वडील म्हणाले होते म्हणे, की आता मराठवाडा तहानलेला राहणार नाही. आणि तरी राहिला. ज्या गावात पाण्याचा हंडा रांगेत मिळतो, त्या गावाच्या नालीत तू हे ओतणार? मिस्त्रीच्या दारात एक बॅरल असते. शंभर अंगणांतील शंभर घमेल्यांपेक्षा ते एक बॅरल मला अधिक विश्वासाचे वाटते, एवढेच माझे म्हणणे पहिल्यापासून होते. नटाचे निमित्त केले.”

“बॅरल कोठे जाते, ते तुम्ही कधी विचारले आहे?” भाच्याने विचारले. प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. “कोणी वीटभट्टीसाठी नेतो म्हणतात. भट्टीत जळले तर धूर होऊन आपल्याच डोक्यावर येणार.”

मामांनी मान हलविली. कायद्याची बाजू त्यांना ठाऊक होती: २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या केंद्रीय नियमांप्रमाणे वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते, ते नोंदणी झालेल्या पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडेच जावे लागते, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल निर्माण करणाऱ्यांवरही ते परत गोळा होऊन शुद्ध व्हावे याची जबाबदारी आली आहे. तेल झिजून नाहीसे होत नाही, केवळ मळते. मळ काढला, पुन्हा गाळले, तर त्याचेच पुन्हा वंगण होते, हे त्या नियमांमागील शास्त्र आहे. “म्हणजे,” मामा म्हणाले, “मिस्त्रीला आपण विचारले पाहिजे. नेणारा कोण, त्याच्याजवळ परवाना आहे का, पावती देतो का. गिऱ्हाइकांनी विचारले की दुकानदार विचारतो.”

“मी एकटा विचारून काय होणार?”

“दप्तरात पहिला अर्ज नेहमी एकट्याचाच येतो.”

माझे स्वतःचे मत येथे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. नट सोडण्याच्या आणि तेल ओतण्याच्या बाबतीत मी पूर्णपणे भाच्याच्या बाजूचा आहे. ज्या यंत्रावर आपले पोट आहे त्याचे रक्त कसे दिसते हे ज्याला ठाऊक नाही, तो त्या यंत्राचा मालक कागदावरच असतो, असे मला वाटते. आणि ज्याची सारी मिळकत एका सिलिंडरवर आहे, त्याने ते सिलिंडर अजाणतेपणी परक्याच्या हाती सोपवावे, असा उपदेश मला कोणालाही करवणार नाही. पण घमेल्याच्या बाबतीत मामांच्या म्हणण्याला उत्तर नाही. तेल बदलणे हे नट बसविल्यावर संपत नाही. काढलेला थेंबन्‌थेंब योग्य हाती पोहोचेपर्यंत ते काम अपुरेच आहे, आणि तेवढा वेळ ज्याच्यापाशी नाही त्याने पान्याला हात न लावणेच बरे.

भाच्याने इंजिन सुरू केले, दोन मिनिटे चालू दिले, बंद केले, आणि तेल तळाशी उतरण्यासाठी थोडा वेळ थांबला. मग मोजपट्टी काढून पुसली, पुन्हा आत घालून काढली, आणि मामांच्या समोर धरली. नव्या तेलाची ओली कडा दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या किंचित खाली होती.

“वरपर्यंत का भरले नाहीस?” मामांनी विचारले.

“जास्त झाले तर आत घुसळून फेस होतो, आणि सीलांतून गळू लागते. खुणेच्या आतच राहावे.”

मामा काही बोलले नाहीत. ते आत गेले आणि जुन्या पद्धतीची, लाल कापडी पुठ्ठ्याची एक कोरी वही घेऊन बाहेर आले. पहिल्या पानावर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात रकाने आखले: तारीख, मीटरवरील किलोमीटर, तेलाची जात, ओतलेले माप, वायसर, शेरा. भाच्याला एकेक प्रश्न विचारून त्यांनी पहिली ओळ भरली. मग क्षणभर थांबून उजवीकडे आणखी एक रकाना ओढला आणि त्याच्या माथ्यावर लिहिले: ‘काढलेले तेल कोठे जमा केले’. तो रकाना त्यांनी रिकामाच ठेवला.

घमेल्यातील तेल भाच्याने नरसाळ्याने पाच लिटरच्या जुन्या डब्यात ओतले, झाकण आवळले, घमेले फडक्याने निपटून पुसले आणि ते फडकेही पिशवीत बांधले. फरशीवर दोन थेंब पडले होते. त्यांवर त्याने राख टाकली आणि ती खरडून पिशवीत भरली. मामांनी धोतराचा सोगा खोचला, वही काखेत धरली आणि मागच्या आसनावर जाऊन बसले. डबा त्यांनी पायांशी उभा केला आणि दोन्ही पावलांनी घट्ट धरला.

“हळू चालव,” ते म्हणाले. “कोपऱ्यावर खड्डा आहे.”